दुरुस्तीखाली सही

प्रिय धाकट्या,

हे संबोधन तुला कधीच आवडले नाही. पाळक झाल्यावर तर तू मला एकदा बाजूला घेऊन सांगितले होतेस, की ताई, निदान मंडळीसमोर तरी 'धाकट्या' म्हणू नकोस, लोक हसतात. त्यानंतर मी तुला सर्वांसमोर 'पाळकसाहेब' म्हणू लागले आणि लोक अधिकच हसू लागले. आता तू कुणाचाच पाळक नाहीस, तेव्हा जुने संबोधन पुन्हा वापरायला हरकत नसावी.

प्रथम कामाचे. तू परत यावेस, एवढे सांगण्यासाठी हे पत्र आहे. भेटीसाठी नव्हे, कामासाठी. कोणते काम, ते शेवटी लिहीन, आणि तू ते शेवटीच वाचावेस अशी अपेक्षा आहे. लहानपणी रहस्यकथेचे अखेरचे पान आधी वाचून, पुस्तक माझ्या पुढ्यात टाकून, 'खुनी माळी आहे' असे जाहीर करण्याची तुला खोड होती. या पत्रात ती चालणार नाही. मधला मजकूर वगळलास, तर शेवटचा तुला खरा वाटणार नाही.

तुझा पत्ता कुठून मिळाला, याचे आश्चर्य वाटून घेऊ नकोस. तुझे भावोजी दर रविवारी दुपारी झाडांना पाणी घालायला गॅलरीत जातात आणि दार लावून घेतात. आमच्या गॅलरीत झाड एकच आहे. इतके पाणी त्याला खरोखर मिळाले असते, तर ते केव्हाच कुजले असते. एकदा दार नीट लागले नाही आणि मला त्यांचे फोनवरचे बोलणे ऐकू आले, "काय रे, आज किती चादरी झाल्या?" हॉटेलचा पत्ता मग त्यांच्या डायरीत सापडला. त्यांना वाटते मला ठाऊक नाही. मी विचारत नाही, ते सांगत नाहीत. संसार बऱ्याच अंशी याच तत्त्वावर चालतो. तर तू एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करतोस. धर्मशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या माणसाने उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालाव्यात, याचा मला आधी संताप आला. मग आठवले, की घरी तुला एकही चादर कधी सरळ घडी करता आलेली नाही. तेव्हापासून मला त्या हॉटेलच्या पाहुण्यांची काळजी वाटते.

इकडचे कळवते. भावोजींचे चष्म्याचे दुकान नेहमीसारखे चालते, म्हणजे गिऱ्हाईक कमी आणि गप्पा फार. लॅबमध्ये नवा मायक्रोस्कोप आला आहे. माझा सहकारी, ज्याला आपण 'कंटाळा' म्हणायचो, तो अजून तसाच जांभया देत स्लाइड वाचतो आणि अजून त्याचे निदान चुकत नाही. माणसाच्या चेहऱ्यावरून त्याची योग्यता ठरवू नये, हे मी त्याच्याकडे पाहून दररोज शिकते आणि दररोज विसरते. घराला रंग दिला. दक्षिणेकडच्या छोट्या खोलीला दिलेला नाही. त्या खोलीच्या भिंतीवर पेन्सिलीच्या काही खुणा आहेत, त्यावर रंग चढवायला रंगाऱ्याने नकार दिला नव्हता, मी दिला.

तू गेल्यानंतर मंडळीने तीन पाळक पाहिले. पहिला प्रवचनात विनोद सांगे आणि ते संपले हे कळावे म्हणून स्वतः आधी हसे. दुसरा मोबाइलमध्ये बघून प्रवचन वाचत असे. एका रविवारी ऐन आशीर्वादाच्या वेळी त्याला बायकोचा फोन आला आणि मंडळीला आशीर्वादाऐवजी "हो हो, आणतो" ऐकावे लागले. तिसरा कायमचा नाही, शेजारच्या मंडळीतून एक रविवार आड येतो. तरुण आहे, नीटनेटका आहे, पाठांतर चोख आहे. पण प्रत्येक वाक्यात 'नक्कीच' घालतो. देव नक्कीच ऐकेल, नक्कीच देईल, नक्कीच करील. मी ज्या व्यवसायात आहे, तिथे हा शब्द फार जपून वापरतात.

हे सगळे मला कसे माहीत, असे तुझ्या मनात आले असेल. त्या दिवसानंतर मी चर्चची पायरी चढणार नाही, असे सर्वांनी गृहीत धरले होते आणि मी बराच काळ त्यांना खरे ठरवले. प्रार्थनाही सोडली. तू मला ओळखतोस. जे नीट होत नाही ते अर्धवट करत बसण्यापेक्षा न केलेले मला बरे वाटते. मग भावोजींचा घोटा मोडला आणि त्यांना गाडीने नेण्याआणण्याचे काम माझ्याकडे आले. मी आवारात गाडीत बसून लेख वाचत असे. आत गाणी चालू असत, बाहेर माझा हीटर बंद पडलेला असे. एका रविवारी बोटे इतकी गारठली की पान उलटेना, तेव्हा मी आत जाऊन शेवटच्या बाकावर बसले. कुणी याला श्रद्धेचा विजय वगैरे म्हणू लागले, तर त्यांना सांग: ती थंडी होती.

मात्र एकदा आत बसल्यावर प्रश्न आला विश्वासांगीकाराचा. आपण काय काय मानतो, ते सारे उभे राहून एका सुरात वाक्यावाक्याने म्हणतात आणि मी उभी. ज्या रिपोर्टवर मला सही करता येत नाही, तो मी लॅबबाहेर जाऊ देत नाही. तोच नियम मी इथे लावला: ज्या वाक्याखाली सही करू शकेन तेवढेच तोंडाने म्हणायचे, बाकीच्या वेळी गप्प राहायचे. पहिल्या रविवारी असे एकच वाक्य निघाले. प्रभूविषयीचे: तो मेला व पुरला गेला. त्याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. पुरणे मी पाहिले होते. तेवढे एक वाक्य मी मोठ्याने म्हटले आणि पुढच्या बाकावरच्या बाईने दचकून मागे पाहिले. पुष्कळ रविवार मी त्या एका वाक्यावर काढले. मग गेल्या महिन्यात, काहीही ठरवलेले नसताना, आणखी एका वाक्याला आवाज फुटला. ते पुनरुत्थानाचे नव्हते. तिथवर मी पोहोचलेले नाही, आणि पोहोचेन असे आश्वासन देणार नाही. ते क्षमेचे होते. तुझ्या भावोजींनी मान न वळवता माझ्याकडे पाहिले. चष्मेवाल्यांना ते जमते.

आता बटणाविषयी. इतका वेळ मी टाळत होते असे तुला वाटले असेल. मी क्रम पाळत होते.

तिचे हे नाव तूच ठेवलेस. जन्माच्या दुसऱ्या दिवशी तिच्या नाकाकडे बघून तू म्हणालास, "ताई, हे तर शर्टाचं बटण!" आणि मी इतक्या विचारांती निवडलेले नाव दाखल्यावरच राहिले. संडे स्कूलमध्येही ती बटणच झाली आणि तू, मंडळीचा पाळक, मुलांच्या लेखी 'बटणाचा मामा' एवढाच उरलास. ती आजारी पडली तेव्हा सात वर्षांची होती. आपल्या माणसांची स्लाइड आपण वाचायची नसते, म्हणून ती कंटाळ्याने वाचली. त्या दिवशी त्याने जांभई दिली नाही. मग त्याने खुर्ची मागे सरकवली आणि मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. त्याच संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात, तुझ्यासमोर चहाचा कप ठेवून, मी तुला शब्द तोलून सांगितले होते: उपचार करू, पण उपाय नाही. तू कप उचललाही नाहीस. "असं कसं म्हणतेस, ताई?" एवढेच म्हणालास.

महिनाभराने, उपचार चालू असताना, एका रविवारी तू पुलपिटावर उभा राहिलास, समोरची कागदाची घडी बाजूला सारलीस आणि म्हणालास, "माझी भाची बरी होईल. हे माझं म्हणणं नाही. मला सांगितलं गेलं आहे."  मग कुणीतरी गायला सुरुवात केली. क्वायरबाई, ज्यांना चुकीच्या स्वराखेरीज कशानेही रडू येत नाही, त्या पेटीवर डोके टेकून रडल्या. माझ्या शेजारी बटण बसली होती, डोक्याला रुमाल बांधून. धाकट्या, मी आजवर पुष्कळ रिपोर्ट वाचले आहेत. त्यांतला हा सर्वांत चुकीचा होता, आणि सर्वांत सुंदर. दुसऱ्या आठवड्यापासून लोक आपापली आजारी माणसे घेऊन तुझ्या दारी येऊ लागले आणि तू कुणालाही परत पाठवू शकेनास. तुझा चेहरा त्या दिवसांत कसा झाला होता, ते मी पाहत होते. स्वतःच दिलेल्या रिपोर्टला भिणारा माणूस मी ओळखते.

पुढचे तुला ठाऊक आहे, पण थोडेसे ठाऊक नाही. तुझी समजूत आहे, की तू एका लहान मुलीला फसवलेस. त्या ओझ्याखाली तू निघून गेलास आणि त्याच ओझ्याखाली चादरी दाबत बसला आहेस, हे मला भावोजींच्या अर्धवट लागलेल्या दारातून समजले आहे. तेव्हा नोंद घे. त्याच रविवारी, गाडीत, मी पट्टा बांधत असताना ती म्हणाली, "मामाचे कान लाल झाले होते." मी म्हटले, चर्चमध्ये उकडत होते. "नाही गं. बुद्धिबळात माझा घोडा लपवतो ना, तेव्हा होतात तसे."  घर येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. उतरताना तिने मला बजावले, "त्याला सांगू नकोस हं, मला कळलंय ते. त्याला वाईट वाटेल."

त्यानंतर तू रोज यायचास आणि तिच्या पलंगाच्या कडेला बसून सायकलच्या गोष्टी करायचास. कोणता रंग, घंटी कुठली, मागे बसायला जागा असावी की नसावी. ती मोठ्या गांभीर्याने तुझ्याशी वाद घालायची. तू गेलास की उशीवर डोके टेकून म्हणायची, "आज मामा जरा बरा वाटला, नाही?" तुला वाटे, तू तिला धीर देतो आहेस. तिकडे ती तुझे पथ्यपाणी सांभाळत होती. तू तिला फसवले नाहीस. ते तुला जमण्यासारखे नव्हते. आणि तिची शेवटची दुपार चाचपडत किंवा कुणावर रागावून गेली नाही. घंटी डाव्या बाजूलाच हवी, असे तुला सांगायला तिने मला सांगितले होते. सांगायला तू थांबला नाहीस. नंतर, खरे लिहायचे तर, मला सांगायची इच्छा उरली नव्हती.

तू थांबला नाहीस, यावर मात्र मी गप्प बसणार नाही. निदान चुकणे मी समजू शकते. पण त्या सकाळी सारी मंडळी दफनभूमीत उभी होती, आणि पाळकांच्या खोलीत तुझा झगा खुंटीला होता आणि मागचे दार उघडे होते. शेवटी सर्वांत वयोवृद्ध पंचांना पुढे व्हावे लागले. त्यांनी विधीचे पुस्तक उघडले आणि खणखणीत आवाजात वाचू लागले, की आज या आनंदाच्या प्रसंगी आपण दोन जिवांना एकत्र जोडण्यासाठी जमलो आहोत. विवाहविधीचे पान. कुणाला टोकायचे धैर्य होईना. त्यांचा चष्मा तुझ्या भावोजींनीच बनवलेला. भावोजी पुढे गेले, त्यांच्या हातातले पुस्तक हलकेच घेतले, पान काढून परत दिले, आणि जाता जाता त्यांचा चष्माही नाकावर सरळ केला. आपल्या मुलीच्या पेटीशेजारी उभे राहून. मी त्यांच्याशी लग्न का केले, हे तू मला कॉलेजात असताना विचारले होतेस. त्या वेळी मला नेमके उत्तर देता आले नव्हते.

यानंतर मी तुला क्षमा करावी अशी अपेक्षा कुणीच केली नाही, हे मंडळीच्या सुज्ञपणाचे लक्षण. उलट कमिटीने या वर्षी एक ठराव मांडला. पाळकांच्या खोलीत आजवरच्या पाळकांच्या नावांची जी पाटी आहे, तीवरून तुझे नाव काढून टाकावे. देवाच्या नावाने खोटे सांगणाऱ्याचे नाव तिथे शोभत नाही. घरातली माणसे म्हणून आमची संमती असावी, यासाठी मला बोलावले. मी गेले ती संमती देण्यासाठीच. क्वायरबाई कमिटीवर आहेत. तुझा उल्लेख त्या फक्त 'पळपुटा' असा करतात. ठरावाच्या मसुद्यातही त्यांनी तोच शब्द घातला होता आणि चिटणिसांनी तो खोडून 'माजी पाळक' केले होते, यावरून आधीच एक वाद होऊन गेला होता. रंगाचा डबा आणि कुंचला टेबलाखाली तयार ठेवलेला मला दिसला. त्या घाईचाच मला राग आला असावा.

मी त्यांना सांगितले, की आमच्या लॅबमध्ये चुकलेला रिपोर्ट कधीही नष्ट करत नाहीत. तो फाडत नाहीत, त्यावर पांढरे लावत नाहीत, तो तसाच ठेवतात; आणि त्याखाली दुरुस्ती लिहितात. ती दुरुस्ती मी लिहू शकत नाही, लॅबचा प्रमुख लिहू शकत नाही. ज्याने चूक केली त्यानेच ती लिहायची आणि त्यानेच खाली सही करायची. दुसऱ्याने करून भागत असते, तर काम फार सोपे झाले असते, पण मग रिपोर्टवर कुणी विश्वास ठेवला नसता. तेव्हा नाव पुसता येणार नाही. आणि त्या रविवारी या चर्चमध्ये जे सांगितले गेले, त्याची दुरुस्ती तीन पाळक आणून झालेली नाही, तीस आणून होणार नाही. क्वायरबाई उसळल्या. "म्हणजे त्या पळपुट्याची वाट बघत बसायचं?" मी म्हटले, होय. "आणि नाहीच आला तर?" मी म्हटले, तर दुरुस्तीची जागा रिकामी राहील, रिकामी जागा खोट्या सहीपेक्षा बरी. "तुमच्या लॅबमध्ये बरा वेळ असतो हो लोकांना!" म्हणत त्यांनी पर्स उचलली. ठराव बारगळला. तुझे नाव पाटीवर आहे. मी ते मायेपोटी केले असे समजू नकोस. मी कार्यपद्धतीचा मुद्दा मांडत होते. वाक्य उच्चारून झाल्यावर ते कशाविषयी होते, हे माझे मलाच घरी येईपर्यंत नीट कळले नव्हते.

तुला वाटते, देवाने तुला कामावरून काढले. भावोजींनी फोनवर तुझेच ते शब्द परत उच्चारले, आणि नंतर बराच वेळ गॅलरीतून फक्त "हं… हं…" ऐकू येत होते. धर्मशास्त्र मला तुझ्याइतके येत नाही. परंतु पवित्र शास्त्र मी या वर्षात पुन्हा वाचून काढले, जसा एखादा जुना वादग्रस्त रिपोर्ट वाचते तसे, आणि एक निरीक्षण नोंदवते. त्याने ज्यांना म्हणून कामाला निवडले, त्यांतला एकही पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेला दिसत नाही. कुणी पळाला, कुणी ओळखच दाखवली नाही, कुणी ऐन वेळी झोपला. निवड समिती म्हणून पाहिले तर ही कामगिरी लाजिरवाणी आहे. अशी माणसे मी लॅबच्या दारातही उभी केली नसती. पण त्यांच्यावर रागावल्याची नोंद जागोजाग सापडते, काढून टाकल्याची सापडत नाही. एकच जण, गुरूला धरून देणारा, कायमचा गेला, आणि तोही आपण होऊन. त्याने दोनचार दिवस थांबायला हवे होते, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

आता ज्यासाठी लिहिले ते. परवा क्वायरबाई लॅबमध्ये आल्या. स्लाइड माझी वाचून झाली होती, त्यांच्या नातीची. तुला ती आठवत असेल, संडे स्कूलमध्ये बटणाच्या शेजारी बसायची आणि प्रार्थना चालू असताना डोळे उघडे ठेवायची. हे तुला कळवायला त्या घराची परवानगी आहे. तिच्याशिवाय मी एक ओळही लिहिली नसती. आजार तोच नाही, पण त्याच गोतातला आहे. या वेळी उपाय आहे. लांबलचक, खडतर, आणि तो लागू पडेल असे मी सांगू शकत नाही. आपला 'नक्कीच'वाला पाळक तिला भेटून आला आणि नेहमीचे बोलला. मुलीने त्याला विचारले, "तुम्हाला कुणी सांगितलं?" तो पुन्हा 'नक्कीच' एवढेच म्हणाला, तशी ती भिंतीकडे तोंड करून निजली आणि आजीला म्हणाली, "बटणाच्या मामाला बोलव. त्याला यातलं माहीत आहे." हे सांगताना क्वायरबाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. म्हणाल्या, "तर आता त्या पळपुट्याला कळवा." मी विचारले, तो पुन्हा पळाला तर? "हौस फिटली असेल हो एव्हाना," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांचा तो प्रसिद्ध आवाज मध्येच बसला. आम्ही दोघींनी तिथेच, नळाशेजारच्या स्टुलांवर बसून प्रार्थना केली. नीट झाली नाही. मी मधेच विसरले आणि त्यांनी दुसरेच काही म्हटले, तरी आम्ही आमेन म्हणून ती पुरी केली. नातीची खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या उजवीकडची आहे. खिडकीपाशी एक खुर्ची आहे, ती थोडी डुगडुगते. भावोजींना सांगून मी नीट करून घेईन. उपचार सोमवारी सुरू होतील आणि पहिले काही आठवडे वाईट जातील. मंडळीचे नंतर पाहू. पुलपिट कुठे जात नाही. ये, आणि तिच्याजवळ बस. मी बरी होईन का, असे ती तुला पहिल्याच दिवशी विचारील, कारण तिने ते मलाही विचारले आहे. तुला ठाऊक नसेल. मलाही नाही. तसेच तिला सांग. आणि मग उठू नकोस.

रागासकट, आणि त्या रागाहूनही जुन्या नात्याने
तुझीच,
थोरली